पायविहीर आणि नारू

मुलांनो, ‘नारू’ हा शब्द तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलाही नसेल. माझ्या लहानपणी मात्र तो ऐकला की मोठी माणसे गंभीर होत. आमच्या शेजारचे एक शेतकरी ऐन पेरणीच्या दिवसांत ओसरीवर पाय पसरून बसलेले मला आजही आठवतात. त्यांच्या घोट्याजवळील जखमेतून दोऱ्यासारखा पांढरा जंत डोकावत होता व त्याचे टोक एका काडीवर गुंडाळले होते. दररोज बोट-दोन बोटे, त्याहून अधिक ओढावयाचा नाही. घाई केली की जंत आत तुटे आणि पाय सुजून दुखणे विकोपास जाई. सुमारे दोन हात लांबीचा तो जंत पुरता निघेपर्यंत कित्येक आठवडे लोटत. तोवर पेरणीची वेळ टळून जाई.

हा दैवाचा कोप होय, अशी पुष्कळांची समजूत होती. वस्तुतः त्याचे मूळ पाण्यात होते. पूर्वी अनेक गावी पायविहिरी असत. लोक पायऱ्या उतरून थेट पाण्यात शिरत व घागरी भरत. नारू झालेल्या मनुष्याच्या पायाची आग होई. तो पाय पाण्यात बुडविताच थंडावा वाटे, आणि त्याच क्षणी जंत हजारो पिले पाण्यात सोडी. सायक्लॉप्स नावाचे तिळाहूनही लहान जलकीटक ती पिले गिळत. ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या शरीरात पिलांची वाढ होई, आणि सुमारे वर्षभराने नवा जंत कातडी फोडून बाहेर येई. तोपर्यंत रोग्यास कशाचीही शंका येत नसे! पाजणारी विहीर आणि भोगणारा पाय यांच्यामध्ये असे वर्षाचे अंतर पडल्यावर लोकांनी विहिरीला दोष कसा द्यावा?

या रोगावर लस नव्हती, औषधही नव्हते. भारत सरकारने १९८३ मध्ये निर्मूलनाची मोहीम हाती घेतली, तेव्हा देशातील सात राज्यांत नारूचा वावर होता. महाराष्ट्र त्यांपैकी एक. १९८४ मध्ये रोग्यांची संख्या सुमारे ४०,००० भरली. आरोग्यसेवक घरोघर फिरून रोगी शोधू लागले, जखमा बांधू लागले. सायक्लॉप्स मारण्यासाठी विहिरींत टेमेफॉस हे औषध टाकण्यात आले. पायऱ्या बंद करून वरून रहाटाने पाणी काढण्याची सोय झाली. कित्येक गावी हातपंप बसले.

परंतु खरे कठीण काम निराळेच होते. “आमचे आजे-पणजे हेच पाणी प्याले,” असे म्हणणाऱ्या वृद्धास काय उत्तर द्यावे? वाद घालून उपयोग नसतो, हे मला शिक्षक या नात्याने ठाऊक आहे. त्यापेक्षा पेलाभर पाणी उजेडात धरून, त्यात उड्या मारणारे ते कीटक भिंगातून दाखविणे अधिक परिणामकारक. मग घागरीच्या तोंडावर दुहेरी फडके बांधण्यास कोणाला सांगावे लागत नाही.

जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात देशातील शेवटचा रोगी आढळला. तरीही शोध थांबला नाही. नारूची खबर देणाऱ्यास बक्षीस जाहीर झाले होते. खबरी आल्या, प्रत्येकीची चौकशी झाली. पण एकही खरी निघाली नाही. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले.