आवाज खाली आणू नको गं

अगं, परवा फोनवर जावईबापूंचं सांगता सांगता मध्येच तुझा आवाज खाली गेला. सासूबाई स्वयंपाकघरात आल्या असतील. सोयाबीनची झडती एकरी तीन पोत्यांवर आली, हे तू खणखणीत सांगितलंस. सोसायटीचं कर्ज थकलं, तेही सांगितलंस. 'रात्रभर आढ्याकडे बघत पडतात' म्हणताना मात्र कुजबुजलीस. आपल्या वाशीम जिल्ह्यात हे असंच चालत आलंय. कर्जाची लाज आता कुणाला उरली नाही, ते घरोघरी आहे. मन आजारी पडलं म्हणायला मात्र अजून जीभ रेटत नाही.

आधी कामाचं सांगते. झोप नाही, जेवणावर वासना नाही, ज्या बैलजोडीवर जीव होता तिच्याकडे बघणं नाही. याला आळस म्हणू नको आणि 'टेन्शन आहे थोडं' म्हणून सोडूनही देऊ नको. असं दोन आठवड्यांच्या वर चाललं तर डॉक्टरला दाखवायचं. त्याआधी तूच त्यांना विचार. समोर बसवून नको, तहसीलदारापुढं उभं केल्यासारखं होतं. वावरातून घरी येताना विचार, नाहीतर दोघं शेंगा निवडत असाल तेव्हा. हात कामात असले की पुरुषमाणसाचं तोंड सुटतं, असं माझं आपलं मत. 'काय झालं?' म्हणशील तर 'काही नाही' हेच उत्तर येईल. त्यापेक्षा दिसतंय ते बोल, 'तुम्ही झोपत नाही, मले दिसते.' एवढं बोलून गप्प राहा, त्यांना वेळ लागू दे. आणि 'लेकराकडे तरी पाहा' हे वाक्य अजिबात नको. लेकराकडे पाहूनच तर त्यांना जास्त लागत असतं.

आता अवघड प्रश्न. 'जीव द्यायचं मनात येते का?' असं सरळ विचारायचं. विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे, पण ती खरी नाही. जगभर यावर अभ्यास झाले, विचारल्यानं धोका वाढल्याचं दिसलं नाही. उलट मनात तसं असेल तर ते कुणीतरी विचारल्यानं माणूस हलका होतो. 'हो' म्हणाले तर घाबरून रडारड करू नको. त्यांना एकटं सोडायचं नाही, फवारणीचं औषध त्याच दिवशी घरातून हलवायचं, दुसऱ्याच्या घरी कुलपात, आणि लगेच दवाखाना गाठायचा. पोलीस केस होईल म्हणून डॉक्टरपासून लपवतात लोक. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा आहे. ज्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असं धरूनच चालायचं आणि त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे, असं त्यात लिहिलंय. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात जीव द्यायच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलम ठेवलेलंच नाही.

मला राग कशाचा येतो, सांगू? माणूस गेल्यावर आपल्याकडे सगळे बोलतात. तलाठी येतो, पंचनामा होतो, पेपरात बातमी येते, पुढारी ओसरीवर बसून जातात. मग प्रकरण 'पात्र' की 'अपात्र'. नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा कागदावर बसला तर एक लाखाची मदत, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. अशा वेळी घरातली बाई 'त्यांचं मन महिनाभर ठिकाणावर नव्हतं' असं कशाला बोलेल? आजारपण लिहिलं गेलं तर प्रकरण अपात्र होईल, ही धास्ती तिला असतेच. म्हणजे आधी लाजेनं बोलायचं नाही आणि नंतर कागदासाठी बोलायचं नाही. दोन्हीकडून तोंड बंद.

यावर कुणी म्हणेल, सोयाबीनला भाव द्या, मन आपोआप ठिकाणावर येईल. भाव मिळालाच पाहिजे, त्यात वाद नाही. डॉक्टरच्या गोळीनं कर्ज फिटत नाही. पण रात्री झोपलेला माणूस सकाळी बँकेत जाऊन भांडू शकतो. न झोपलेला तिथवर पोचतच नाही.

सरकारनं काही केलं नाही असंही नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' सुरू झाला, त्यात आपला वाशीम आहे. आशाताई घरी येऊन झोपेचं, भुकेचं, ताणाचं विचारते ते त्यातलंच. पण आशा गावातलीच कुणाची तरी सून. तिच्यापुढं सगळ्यांचं 'सारं बरं हाय'! तिला पुढच्या वेळी दारातूनच वाटेला लावू नको. आत बसव, चहा ठेव आणि खरं सांग.

बोलल्यानं फरक पडतो का, तर पडतो. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवलं, त्यांनी बैठका घेतल्या, घरोघरी जाऊन ताणाबद्दल बोलले. आधी नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम चौघांनी कुठं मदत मागितली होती. दीड वर्षानं तो आकडा सत्तावीसवर गेला. जीव द्यायचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. २०१७ मध्ये ते छापूनही आलं. ही माणसं आपल्यासारखीच, कपाशी-सोयाबीनवाली.

सासूबाई 'बाहेरचं असन' म्हणतील. त्यांच्याशी वाद घालू नको. पोहरादेवीला जायचं म्हणाल्या तर सगळे मिळून जा, माणूस घराबाहेर तरी पडेल. दोरा बांधला तर बांधू दे. मात्र भोंदूबाबाच्या हाती एक रुपया द्यायचा नाही आणि गोळी चुकवायची नाही. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडतात, नाहीतर बरं वाटलं की सोडतात, दोन्ही चूक. बंद कधी करायची ते डॉक्टर ठरवेल. आणि दवाखाना म्हटलं की तुम्हाला लगेच नागपूरचं मोठं मनोरुग्णालय दिसतं. तिथं दाखल करायची वेळ फार थोड्यांवर येते. वाशीमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात जा, चिठ्ठी काढ, मानसोपचाराचे डॉक्टर कधी बसतात ते विचार.

नणंदेच्या सोयरिकीचं म्हणालीस. ती भीती मी खोटी म्हणणार नाही. पाहुणे चार घरं चौकशी करतात, हे तुला-मला ठाऊक आहे. म्हणून गावभर दवंडी पिटायला मी सांगतच नाही. सासूबाई, मोठे दीर आणि जावईबापूंचा एखादा जिवाचा मित्र, एवढ्यांना कळू दे, तेही स्पष्ट शब्दांत. घरातल्या घरात आवाज खाली आला नाही, तरी पुष्कळ झालं. आजारी माणसाला ती कुजबुज भिंतीपलीकडूनही ऐकू जाते, आणि आपण घराला डाग लावला असं त्याला वाटायला लागतं.

तुझंही बघ. तूही झोपत नसशील. तुला मोकळं व्हावंसं वाटलं की मला फोन कर, रात्री-बेरात्रीही चालेल.

आणि हा नंबर दोघांच्या मोबाइलमध्ये घालून ठेव: १४४१६. टेलिमानस नाव त्याचं, पैसे लागत नाहीत, चोवीस तास सुरू, मराठीत बोलतात. आधी तू लाव, स्वतःसाठी. मग फोन त्यांच्या हाती दे.