गन : गावाच्या जागी धावपट्टी

नकाशावाचनाच्या तासाला आपण समोच्च रेषा, नदी, पूल, रेल्वे यांच्या खुणा पाठ करतो. धावपट्टीची खूण ओळखायला सोपी, त्यामुळे तिच्यावर आपण फार वेळ थांबत नाही. या लेखात मी एकाच धावपट्टीचा अभ्यास मांडत आहे. ती आहे आपल्या शेजारच्या मालदीवमध्ये, गन नावाच्या लहानशा बेटावर.

स्थान : मालदीवची राजधानी माले. तिच्या खालोखाल मोठे शहर म्हणजे अड्डू. या शहराची वस्ती वीस हजारांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या गावाएवढी. अड्डू हे देशाच्या अगदी दक्षिण टोकाचे कंकणद्वीप. ते विषुववृत्ताच्या थोडे दक्षिणेला, मालेपासून सुमारे ५४० किमी, तर तिरुवनंतपुरमपासून सुमारे ११०० किमी अंतरावर आहे. बेटांच्या कड्याने वेढलेले मधले पाणी खोल आणि शांत असल्यामुळे मोठी जहाजे तेथे सुरक्षित नांगर टाकू शकतात. कड्याच्या दक्षिण बाजूला गन बेट आहे आणि बेटाच्या जवळजवळ पूर्ण लांबीवर धावपट्टी पसरली आहे. खोल बंदर आणि सपाट जमीन एकाच ठिकाणी मिळणे ही या जागेची खरी ताकद.

युद्धकाळ : दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने १९४१ मध्ये येथे गुप्त तळ बांधला. त्याचे सांकेतिक नाव होते ‘पोर्ट टी’. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानवाहू जहाजे श्रीलंकेवर चालून आली. ५ एप्रिलला कोलंबोवर आणि ९ एप्रिलला त्रिंकोमालीवर हल्ला झाला. अ‍ॅडमिरल सॉमरव्हिल यांचे आरमार त्यापूर्वी काही दिवस समुद्रात शत्रूची वाट पाहून इंधन आणि पाणी घेण्यासाठी अड्डूला गेले होते. या तळाची जपान्यांना माहिती नव्हती. ‘डॉर्सेटशायर’ आणि ‘कॉर्नवॉल’ या क्रूझर आणि ‘हर्मीस’ ही विमानवाहू नौका बुडाली, पण मुख्य आरमार वाचले. या तळाच्या रक्षणासाठी भारतीय सैनिकही तैनात होते. गनवरील स्मारकावर आजही भारतीय पलटणींचा उल्लेख आहे.

शांतताकाळ : युद्धानंतर ही जागा पुन्हा महत्त्वाची ठरली. श्रीलंकेने ब्रिटिशांना आपल्या भूमीवरील तळ सोडण्यास सांगितले. ब्रिटनहून सिंगापूरकडे जाणाऱ्या विमानांना वाटेत इंधन भरण्यासाठी दुसरी जागा हवी होती. म्हणून १९५७ पासून गनवर रॉयल एअर फोर्सचा तळ उभा राहिला.

इथे मला एका शब्दापाशी थांबावेसे वाटते. ‘गन’ या नावाचा बंदुकीशी काही संबंध नाही. ते संस्कृत ‘ग्राम’ या शब्दावरून आले असे मानतात, म्हणजे आपल्या ‘गाव’ या शब्दाचे ते भावंडच. पण तळासाठी येथील लोकांना शेजारच्या फेयधू बेटावर हलवण्यात आले आणि फेयधूच्या काही लोकांना जागा करून देण्यासाठी पुढच्या मरधू बेटावर जावे लागले. ज्या बेटाचे नावच गाव, तेथे गाव उरले नाही.

तरीही याच तळाने अड्डूला रोजगार दिला. मालेच्या सरकारने त्यावर बंधने आणू पाहिली, तेव्हा दक्षिणेकडील बेटांनी १९५९ मध्ये वेगळे सुवादीव प्रजासत्ताक जाहीर केले. ते १९६३ पर्यंत टिकले. पुढे ब्रिटनने सुएझच्या पूर्वेकडील सैन्य कमी केले आणि १९७६ मध्ये गनचा तळ बंद झाला. एका निर्णयाने असंख्य घरांची मिळकत थांबली. तळावर इंग्रजी शिकलेली अनेक माणसे कामासाठी मालेला आणि पर्यटकांच्या बेटांवर गेली. रिकाम्या इमारतींत काही काळ कपड्यांचे कारखाने चालले.

आज : तीच धावपट्टी आता नागरी विमानतळ आहे. बेटे भरावाच्या रस्त्याने जोडलेली असल्यामुळे शहरातील लोक थेट गाडीने विमानतळावर येतात. २०११ ची सार्क शिखर परिषद अड्डूत भरली. भारताने दिलेले हेलिकॉप्टर येथून दूरच्या बेटांवरील रुग्णांना रुग्णालयात पोहोचवत असे. मालदीव सरकारच्या मागणीनुसार २०२४ मध्ये ते हाताळणारे भारतीय लष्करी कर्मचारी परतले आणि त्यांच्या जागी नागरी तंत्रज्ञ आले. समुद्रावर रात्री आजारी पडलेल्या माणसाला मात्र गणवेशाचा रंग दिसत नाही, त्याला फक्त पंख्यांचा आवाज ऐकू येतो.

निष्कर्ष : बेटांच्या देशात धावपट्टी ज्याच्या हाती, त्याला मदत आणि सैन्य दोन्ही वेळेवर आणता येतात. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी ‘ऑपरेशन कॅक्टस’मध्ये आग्र्याहून निघालेले आपले पॅराट्रूपर त्याच रात्री मालेजवळच्या हुलहुले धावपट्टीवर उतरू शकले, कारण बंडखोरांना ती ताब्यात घेता आली नव्हती. हा झाला सैनिकी धडा. गनचा दुसरा धडा असा की नकाशावरच्या मोकळ्या दिसणाऱ्या जागेवर बहुधा कोणाची तरी घरे असतात. उद्या आपल्यापैकी कोणी तळासाठी जागा निवडेल, तेव्हा वाऱ्याची दिशा आणि जमिनीचा उतार यांच्या जोडीला तेथील माणसांची मोजणीही त्याच्या वहीत असावी. तळ उभारताना त्यांचे काय होईल आणि तळ उठल्यावर त्यांचे काय होईल, असे दोन रकाने त्यात हवेत.

स्वाध्याय
१. हिंदी महासागराच्या नकाशावर अड्डू, कोलंबो आणि सिंगापूर दाखवा. इंधन भरण्यासाठी गन सोयीचे का होते?
२. ‘गुप्तता हेही एक संरक्षण आहे.’ १९४२ च्या घटनांच्या आधारे स्पष्ट करा.
३. आपल्या शाळेजवळच्या विमानतळाच्या जागी पूर्वी काय होते? तेथील वयस्कर माणसांना विचारून दहा ओळी लिहा.