माइल्स एका कंपनीचे, उड्डाण दुसऱ्या कंपनीचे
भागीदार विमानकंपनीवरील अवॉर्ड तिकीट : एक अभ्यास

क्रेडिट कार्डावर साठलेल्या गुणांकडे बहुसंख्य ग्राहक ‘मिळाले तर मिळाले’ अशा दृष्टीने पाहतात. वर्षानुवर्षे गुण साठत राहतात आणि एखाद्या दिवशी घाईघाईने मिक्सर किंवा खरेदीचे कूपन घेऊन संपविले जातात. याच गुणांचे विमानकंपनीच्या माइल्समध्ये रूपांतर करून परदेशप्रवासाचे तिकीट मिळविता येते, हे अनेकांना ऐकून ठाऊक असते. परंतु ज्या कंपनीचे माइल्स त्याच कंपनीचे विमान, अशी समजूत असल्याने मार्ग तेथेच खुंटतो. वस्तुतः माइल्स एका कंपनीचे व विमान दुसऱ्या कंपनीचे, हीच या व्यवस्थेची सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत फसगतीची बाजू आहे. तिचे स्वरूप नीट समजून घेणे अगत्याचे ठरते.

व्यवस्थेची जडणघडण

अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ‘अ‍ॅडव्हान्टेज’ हा कार्यक्रम सुरू केला आणि त्यापाठोपाठ युनायटेड एअरलाइन्सनेही आपला ‘माइलेज प्लस’ कार्यक्रम आणला. वारंवार प्रवास करणारा ग्राहक प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये, एवढाच आरंभीचा हेतू होता. पुढे विमानकंपन्यांनी परस्परांशी करार केले. एअर कॅनडा, लुफ्तान्सा, एसएएस, थाई आणि युनायटेड या पाच कंपन्यांनी १९९७ मध्ये ‘स्टार अलायन्स’ हा संघ स्थापन केला. १९९९ मध्ये ‘वनवर्ल्ड’ व २००० मध्ये ‘स्कायटीम’ हे संघ अस्तित्वात आले. एअर इंडिया जुलै २०१४ मध्ये स्टार अलायन्सची सदस्य झाली. अशा संघातील एका कंपनीचे माइल्स खर्चून दुसऱ्या कंपनीच्या विमानातील आसन घेता येते. संघाबाहेरील दोन कंपन्यांतही असे स्वतंत्र करार असतात.

एका व्यवहारातील तीन पक्ष

धनादेशाच्या व्यवहारात जसे काढणारा, ज्याच्यावर काढला ती बँक आणि पैसे घेणारा असे तीन पक्ष असतात, तसेच येथेही तीन पक्ष आहेत. ज्याच्या खात्यात माइल्स आहेत तो कार्यक्रम तिकीट देतो. ज्या कंपनीचे विमान उडते ती आसन देते. तिसरा पक्ष प्रवासी. प्रवाशाने माइल्स दिले की कार्यक्रम आपसांत ठरलेल्या दराने भागीदार कंपनीला रोख मोबदला देतो. कोणत्या आसनासाठी किती माइल्स आकारायचे, हे कार्यक्रम ठरवितो. परंतु आसन द्यायचे की नाही, हे भागीदार कंपनी ठरविते. या एका भेदावर पुढील सर्व नियम उभे आहेत.

एक उदाहरण घेऊ. इंदूर येथील एका निवृत्त दांपत्याची कन्या फ्रँकफर्टला असून तिचे पहिले बाळंतपण तेथेच व्हावयाचे आहे, असे समजू. ठरावीक तारखेपूर्वी आईवडिलांना तेथे पोहोचणे आवश्यक आहे. त्यांच्या कार्डावरील गुण सिंगापूर एअरलाइन्सच्या ‘क्रिसफ्लायर’ कार्यक्रमात पाठविता येतात. सिंगापूर एअरलाइन्सने मुंबईहून सिंगापूरमार्गे युरोपला जाणे हा फार मोठा वळसा होईल. परंतु लुफ्तान्सा ही स्टार अलायन्समधील भागीदार असल्याने क्रिसफ्लायरचे माइल्स देऊन तिच्या मुंबई–फ्रँकफर्ट थेट विमानाचे तिकीट घेता येते. जेथे स्वतःची कंपनी उपयोगी नाही, तेथे भागीदार कंपनी उपयोगी पडते ती अशी.

रिकामे आसन म्हणजे अवॉर्ड आसन नव्हे

विमानात तीस आसने रिकामी दिसत असूनही अवॉर्ड तिकीट मिळत नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. त्याचे कारण असे की, विमानकंपनी प्रत्येक आसन एखाद्या आरक्षण-वर्गाच्या अक्षराखाली विक्रीस ठेवते. स्टार अलायन्समध्ये भागीदारांना द्यावयाच्या अवॉर्ड आसनांसाठी साधारणपणे इकॉनॉमीला ‘एक्स’, बिझनेसला ‘आय’ व फर्स्टला ‘ओ’ ही अक्षरे वापरली जातात. त्या अक्षराखाली आसन खुले नसेल, तर विमान अर्धे रिकामे असूनही कार्यक्रमाला ते देता येत नाही. जे आसन रोखीने विकले जाईल अशी खात्री असते, ते कंपनी भागीदाराला सहसा देत नाही. शिवाय काही कंपन्या स्वतःच्या सदस्यांना अधिक आसने देतात आणि भागीदारांच्या सदस्यांना कमी. सिंगापूर एअरलाइन्स लांब पल्ल्याच्या मार्गांवरील बिझनेस व फर्स्ट वर्गातील आसने बहुतांशी स्वतःच्या सदस्यांसाठीच राखते, हे त्याचे ठळक उदाहरण होय.

अवॉर्ड आसने प्रायः दोन वेळा खुली होतात : प्रवासाच्या सुमारे अकरा महिने आधी, वेळापत्रक विक्रीस निघते तेव्हा; आणि पुन्हा प्रवासाच्या तोंडावर, न विकलेली आसने कंपनीच्या ध्यानात येतात तेव्हा. ज्यांना तारीख बदलता येते त्यांना दुसरी वेळही चालते. इंदूरच्या दांपत्याला मात्र पहिलीच वेळ साधावी लागेल. त्यातही आसन एक की दोन, हे पाहणे महत्त्वाचे आहे. एकाच प्रवाशासाठी शोध घेतल्यास आसन दिसते आणि दोघांसाठी घेतल्यास दिसत नाही, असे नेहमी घडते. म्हणून शोध आरंभापासून पूर्ण प्रवासीसंख्येनेच घ्यावा.

हिशेब : मोफत तिकीट मोफत नसते

अवॉर्ड तिकिटावर माइल्सखेरीज विमानतळशुल्क, सरकारी कर आणि अनेकदा कंपनीने लावलेला अधिभार रोखीने भरावा लागतो. जुन्या संज्ञेत यास इंधन अधिभार म्हणतात. काही कार्यक्रम तो आकारतात, काही आकारत नाहीत. त्यामुळे एकाच विमानातील एकाच आसनासाठी दोन कार्यक्रमांतील रोख रक्कम भिन्न असू शकते. म्हणून पुढील सूत्र वापरावे : रोख भाड्यातून अवॉर्ड तिकिटावरील रोख रक्कम वजा करावी आणि येणाऱ्या बाकीस लागणाऱ्या माइल्सनी भागावे. येणारा आकडा म्हणजे एका माइलचे मूल्य.

समजा, एका प्रवाशाचे रोख भाडे ६२,००० रुपये, अवॉर्ड तिकिटावरील रोख रक्कम १४,००० रुपये आणि लागणारे माइल्स ४०,००० आहेत. बचत ४८,००० रुपये, म्हणजे प्रतिमाइल १ रुपया २० पैसे. कार्डाचे दोन गुण दिल्यावर एक माइल मिळत असेल, तर ८०,००० गुण लागले व प्रत्येक गुणास ६० पैसे मिळाले. तेच गुण कार्डाच्या बिलात वळते केल्यास ३५ पैसे दराने २८,००० रुपये मिळाले असते. येथे अवॉर्ड तिकीट निश्चितच लाभदायक आहे.

आता भाडे सवलतीत ३८,००० रुपये असून अवॉर्ड तिकिटावरील रोख रक्कम २२,००० रुपये आहे, असे समजा. बचत १६,००० रुपये. प्रतिमाइल ४० पैसे, म्हणजे प्रतिगुण अवघे २० पैसे. अशा वेळी रोखीने तिकीट काढून गुण बिलात वळते करणे शहाणपणाचे. त्यातच रोख तिकिटावर सहसा नवे माइल्स जमा होतात, अवॉर्ड तिकिटावर होत नाहीत. वरील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्यक्षातील आकडे त्या दिवशी पाहून हिशेब करावा.

आधी आसन, मग हस्तांतरण

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा नियम क्रमाचा आहे. कार्डाचे गुण एकदा विमानकंपनीच्या खात्यात गेले की सामान्यतः परत येत नाहीत. गुण कार्डावर असताना त्यांना अनेक वाटा मोकळ्या असतात; माइल्स झाल्यावर एकच उरते. तरीही अनेक ग्राहक आधी गुण पाठवितात आणि मग आसन शोधू लागतात. आसन मिळाले नाही, तर माइल्स त्या खात्यात अडकतात व त्यांची मुदत सुरू होते. क्रिसफ्लायरचे माइल्स ३६ महिन्यांनी कालबाह्य होतात. युनायटेडने मात्र ऑगस्ट २०१९ पासून मुदतीची अट काढून टाकली. प्रत्येक कार्यक्रमाचा नियम वेगळा आहे.

म्हणून विमानकंपनीच्या कार्यक्रमाचे सदस्यत्व आधीच घ्यावे. ते विनामूल्य असते. सदस्यत्वातील नाव पासपोर्टवरील व कार्डावरील नावाशी जुळते की नाही, हे तपासावे. त्यानंतर हवे ते आसन त्याच कार्यक्रमात हव्या त्या माइल्समध्ये दिसते की नाही, हे पाहावे. कधी कधी संगणकावर दिसणारे आसन प्रत्यक्षात उपलब्ध नसते व शेवटच्या पायरीवर आरक्षण अडते. यास्तव गुण पाठविण्यापूर्वी कार्यक्रमाच्या मदतकेंद्रास दूरध्वनी करून आसनाची खातरजमा करावी आणि ते काही काळ रोखून ठेवता येईल काय, हेही विचारावे. हस्तांतरण काही ठिकाणी तत्काळ होते, तर काही ठिकाणी त्यास कित्येक दिवस लागतात, याचेही भान ठेवावे.

पती किंवा पत्नीसाठी तिकीट काढावयाचे असल्यास काही कार्यक्रमांत आधी नामनिर्देशन करावे लागते. क्रिसफ्लायरमध्ये अशी पाच नावे नोंदविता येतात. बँकेत नामनिर्देशनाचा अर्थ खातेदाराच्या पश्चात रक्कम कोणाला द्यावी, असा होतो. येथे त्याचा अर्थ आपल्या माइल्सवर कोणी प्रवास करावा, एवढाच आहे. या दोहोंत गल्लत होऊ नये.

तिकीट हाती आल्यावर

तिकिटाचा क्रमांक तेरा अंकी असतो व पहिले तीन अंक ते कोणी दिले हे सांगतात. एअर इंडियाचे ०९८, सिंगापूर एअरलाइन्सचे ६१८, लुफ्तान्साचे २२०. इंदूरच्या दांपत्याचे तिकीट लुफ्तान्साच्या विमानाचे असले तरी त्याचा क्रमांक ६१८ ने सुरू होईल. याचा व्यावहारिक अर्थ असा की, तारीख बदलणे किंवा तिकीट रद्द करणे यासाठी सिंगापूर एअरलाइन्सकडे जावे लागेल. लुफ्तान्साचा कर्मचारी बहुधा असमर्थता व्यक्त करील. आसनक्रमांक, भोजन व चाकाची खुर्ची यांसाठी मात्र लुफ्तान्साचा स्वतंत्र आरक्षण-संकेत मागून घ्यावा व तिच्याकडे नोंद झाल्याची खात्री करावी.

इंदूर–मुंबई टप्पा शक्य असल्यास त्याच तिकिटात एअर इंडियाच्या विमानाने जोडावा, कारण तीही त्याच संघात आहे. एका तिकिटावर पहिले विमान उशिरा पोहोचल्यास पुढील व्यवस्था करण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. स्वस्त म्हणून हा टप्पा वेगळ्या तिकिटावर घेतला व मुंबईचे विमान चुकले, तर ‘प्रवासी आला नाही’ अशी नोंद होऊन परतीचा प्रवासही रद्द होऊ शकतो.

व्हिसाचाही विचार आधीच करावा. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी अर्ज करता येत नाही. अवॉर्ड आसने तर अकरा महिने आधी खुली होतात. म्हणजे तिकीट व्हिसापूर्वीच घ्यावे लागते. त्यामुळे ते रद्द केल्यास शुल्क किती, माइल्स परत मिळतात काय व त्यांची मूळ मुदत तीच राहते काय, हे तीन प्रश्न तिकीट घेण्याआधी विचारावेत.

ही ठेव नव्हे

बँकेतील ठेवीवर व्याज मिळते, पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते आणि ती ठेवीदाराच्या मालकीची असते. माइल्सना यांपैकी काहीही लागू नाही. अनेक कार्यक्रमांच्या नियमावलीत माइल्स ही सदस्याची मालमत्ता नव्हेच, असे नमूद असते. विमानकंपनीच्या ताळेबंदात न वापरलेले माइल्स दायित्व म्हणून दाखविले जातात. भारतात १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या ‘इंड एएस ११५’ या मानकानुसार त्यांपोटीचे उत्पन्न पुढे ढकलावे लागते. मात्र एका माइलला किती किलोमीटर न्यावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार देणेकऱ्याकडेच राहतो. डेल्टा एअरलाइन्सने २०१५ मध्ये अवॉर्ड दरांचा तक्ता प्रसिद्ध करणेच थांबविले.

भागीदारीही कायमची नसते. स्टार अलायन्सची संस्थापक असलेली एसएएस १ सप्टेंबर २०२४ रोजी स्कायटीममध्ये गेली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली व तिच्या सदस्यांचे गुण एअर इंडियाच्या ‘महाराजा क्लब’ कार्यक्रमात आले. जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. तिचा कार्यक्रम स्वतंत्र कंपनीकडे असल्याने खात्यांतील माइल्स एका रात्रीत नाहीसे झाले नाहीत. त्याच वर्षी त्यास ‘इंटरमाइल्स’ हे नाव मिळाले. परंतु ज्या विमानांसाठी सदस्यांनी माइल्स जमविले होते, ती विमाने उरली नाहीत.

यावरून निघणारा बोध साधा आहे. माइल्स जमवावेत ते एखाद्या ठरलेल्या प्रवासासाठी, आणि प्रवास जवळ आला की खर्च करावेत. तोवर गुण कार्डावरच असू द्यावेत. शाखेत विचारणा करणाऱ्या ग्राहकाला कर्मचाऱ्यांनी चार प्रश्न विचारले, तरी मोठे नुकसान टळेल : जायचे कोठे व कितीजणांना? त्या मार्गावर भागीदार कंपनी कोणती? हव्या त्या तारखेचे आसन आज दिसते काय? आणि रोख भाड्याशी हिशेब पडताळला आहे काय? चारही उत्तरे हाती आल्यानंतरच हस्तांतरणाची सूचना द्यावी.