रक्तदाब कमी, तरी सलाईन का नाही?

प्रश्न : वडील सेप्सिसमुळे आयसीयूत आहेत. रक्तदाब कमी असूनही डॉक्टरांनी आधी त्यांचे पाय उचलून तपासले आणि सलाईन वाढवले नाही. असे का?

उत्तर : रक्तदाब घसरला म्हणजे शरीरात पाणी कमी पडले, असे दर वेळी नसते. सलाईनने हृदयाने प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त पुढे ढकलावे, ही अपेक्षा असते. अत्यवस्थ रुग्णांपैकी साधारण निम्म्यांतच तसे घडते. इतरांच्या फुप्फुसांत पाणी साचू शकते. पाय उचलले की त्यांतले सुमारे ३०० मिलिलिटर रक्त हृदयाकडे येते. मिनिटाभरात हृदयातून बाहेर पडणारे रक्त १० टक्क्यांहून जास्त वाढले, तर सलाईन लागू पडण्याची शक्यता दाट. नाही वाढले, तर पाय खाली घ्यायचे. शिरेत थेंबही गेलेला नसतो. मात्र हे इकोसारख्या साधनाने मोजावे लागते, आणि पोटातला दाब वाढलेला असेल तर चाचणी फसते.

‘एक बाटली दिली तर काय बिघडते?’ असे कुणीही विचारेल. जुलाब किंवा रक्तस्रावात चाचणीसाठी थांबूच नये, हे मान्य. पण युगांडा, केनिया व टांझानियातील तापाने गंभीर आजारी मुलांवरच्या २०११च्या अभ्यासात झपाट्याने द्रव दिलेल्यांपैकी सुमारे १०.५ टक्के मुले ४८ तासांत दगावली. न दिलेल्यांत ७.३ टक्के. तिथे अतिदक्षता सुविधा नव्हत्या, म्हणून हे आकडे तुमच्या वडिलांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. सलाईन निरुपद्रवी असते, हा समज मात्र त्यानंतर टिकत नाही.