आधीच्या आवाजाला निरोप द्या

रेडिओवर नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींना माइकपासून किती अंतरावर बसायचं, फेडर कधी उचलायचा, ‘प’ आणि ‘फ’ उच्चारताना तोंड किंचित बाजूला कसं घ्यायचं हे सगळं शिकवतात. क्यूशीट वाचायला शिकवतात, गाणं संपत आलं की बोलणं कुठे आवरायचं तेही शिकवतात. पण आपण ज्या खुर्चीत बसतो तिथे कालपर्यंत दुसरं कुणी बसत होतं आणि त्या आवाजाची सवय झालेली माणसं अजून रेडिओ लावून आहेत, याबद्दल प्रशिक्षणात अवाक्षर नसतं. मोठ्या शहरातल्या वाहिनीवरून लहान केंद्रावर जाणाऱ्यांना तर हे कळणं फार गरजेचं आहे. मी त्या वाटेने गेले आहे, म्हणून लिहिते.

पुण्यात एका खाजगी एफएम वाहिनीवर काही वर्षं काढल्यावर मी खानदेशात, तापीच्या पट्ट्यातल्या एका सामुदायिक रेडिओवर सकाळचा कार्यक्रम करायला गेले. आपल्याकडे सामुदायिक रेडिओचं धोरण आधी शिक्षणसंस्थांपुरतं होतं. २००६मध्ये ते स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही खुलं झालं. प्रक्षेपक १०० वॅटचा, मनोरा जास्तीत जास्त ३० मीटरचा, त्यामुळे आवाज पोचतो तो साधारण दहा-बारा किलोमीटरपर्यंत. स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, आकाशवाणीचं बातमीपत्र तेवढं लावता येतं. शहरात आपले श्रोते कोण हे आम्हाला आकड्यांच्या तक्त्यातून कळायचं. इथे ते बाजाराच्या दिवशी समोरून चालत येतात.

माझ्या आधी तो कार्यक्रम करणाऱ्या बाई केंद्र सुरू झाल्यापासून तिथे होत्या. सगळा परिसर त्यांना ताई म्हणायचा. त्यांचं कंत्राट वाढवायचं नाही असं संस्थेने ठरवलं आणि शुक्रवारी त्यांना तसं सांगितलं. सोमवारी सकाळी माझा आवाज लागला. मधे कसलीही घोषणा नाही. मला सूचना होती की जुनं नाव घ्यायचं नाही. श्रोते आठवड्याभरात विसरतात, असं मला सांगण्यात आलं.

श्रोते विसरले नाहीत. पहिल्याच फोनवर प्रश्न आला, “ताई कुठे गेल्या?” ठरवून दिलेलं उत्तर होतं, ‘त्या आता या कार्यक्रमात नाहीत, तुम्हाला कोणतं गाणं ऐकायचं?’ पलीकडून फोन ठेवला गेला. पुढच्या काही दिवसांत ताई आजारी असल्याची बोलवा उठली, मग ती वाढत वाढत भलतीकडे गेली. एका गावातल्या भजनी मंडळाने त्यांच्यासाठी मारुतीला अभिषेक केला. एक आजी भरिताची वांगी पिशवीत घेऊन केंद्राच्या फाटकाशी आल्या आणि ताईला कुठल्या दवाखान्यात ठेवलंय, असं विचारू लागल्या. ताई त्या वेळी चार किलोमीटरवर आपल्या घरी धडधाकट होत्या. हळूहळू फोन यायचे थांबले. लोकांनी भांडण काढलं नाही, तक्रार केली नाही, फक्त बोलणं बंद केलं. निवेदकाला याहून मोठी शिक्षा नाही.

शेवटी केंद्रप्रमुखांशी बराच वाद घालून मी ताईंना स्टुडिओत बोलावून घेतलं. आम्ही दोघींनी मिळून अर्ध्या तासाचा कार्यक्रम केला. त्या काय बोलल्या? आपण बऱ्या आहोत, आता घरी मुलांच्या शिकवण्या घेणार आहोत, आणि या नव्या ताईंना सांभाळून घ्या. एवढंच. कुणावर ठपका नाही, रडारड नाही. जाताना त्यांनी मला एक वही दिली. कोणत्या गावातून कोण फोन करतं, कुणाचा मुलगा सैन्यात आहे, कुणाला कमी ऐकू येतं म्हणून सावकाश बोलायचं, कुणाच्या घरी या वर्षी दुःख झालं आहे म्हणून वाढदिवसाचं गाणं सुचवायचं नाही, असं सगळं तिच्यात होतं. त्यानंतर फोन पुन्हा सुरू झाले. सगळे मात्र परतले नाहीत. काही घरांनी रेडिओ लावणं सोडलं ते सोडलंच, आणि ते नुकसान त्या अर्ध्या तासाने भरून निघालं नाही. तो अर्धा तास पहिल्या सोमवारच्या आधी व्हायला हवा होता.

म्हणून मुलाखतीतच विचारा, आधी हा कार्यक्रम कोण करत होतं आणि श्रोत्यांना त्यांचा निरोप कसा दिला जाणार आहे. निरोपाला संस्था तयार नसेल, तर पहिल्या दिवशी निदान त्यांचं नाव घ्यायची आणि त्या सुखरूप आहेत एवढं सांगायची परवानगी मागून घ्या. नोकरीच्या पहिल्या दिवशी असा आग्रह धरणं अवघड असतं हे मला कळतं. तरीही धरा.

दुसरी गोष्ट नावांची. फर्माइशीच्या कार्यक्रमात गाण्याआधी जी नावं आणि गावं वाचली जातात, ती खाजगी वाहिनीवरून आलेल्या निवेदकाला अडगळ वाटतात. कार्यक्रमाचा वेग जातो म्हणून ती कापावीत असा सल्लाही मिळतो. ‘आपली आवड’ ऐकत वाढलेल्या कुणालाही विचारा, त्या यादीसाठी किती घरं कान टवकारून बसायची. रेडिओ सिलोनवर १९५२मध्ये अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि पत्रांच्या गोण्या येऊ लागल्या. फर्माइशीच्या कार्यक्रमांनीच झुमरी तलैयासारख्या अभ्रकाच्या खाणींच्या गावाचं नाव देशभर पोचवलं. श्रोत्याला गाणं आवडतंच, पण दूरच्या गावी दिलेल्या लेकीचं नाव रेडिओवर ऐकलं की ती खुशाल आहे एवढं आईला कळतं. ही माणसं एकमेकांना नावाने ओळखतात, लग्नकार्याला जातात, एखादं नाव बरेच दिवस आलं नाही तर चौकशी करतात. ही ओळख आपण रुजू होण्याच्या कितीतरी आधीची असते. गाणं एक कमी लावा, नावं कापू नका.

श्रोत्यांनी एकत्र बसून ऐकणं आपल्याकडे जुनं आहे. १९५६मध्ये युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने शेतकरी श्रोता मंडळांचा प्रयोग केला होता. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत माणसं आठवड्यातून दोनदा संचाभोवती बसायची, ऐकून झालं की चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायची. त्या प्रश्नांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून दिली जात. आजच्या नव्या निवेदकाने हा प्रयोग मुद्दाम समजून घ्यावा. श्रोत्याकडून आलेला प्रश्न पुढच्या आठवड्यात उत्तरासह परत गेला पाहिजे, ही शिस्त तिथली आहे आणि ती आजही जशीच्या तशी उपयोगी पडते. मी दर गुरुवारी मागच्या आठवड्यातले प्रश्न घेऊ लागले, तेव्हा बुधवारी संध्याकाळपासूनच आठवण करून देणारे फोन यायचे.

भाषेबद्दल दोन शब्द. खानदेशात घरात अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलतात. ती बोली आपल्याला येत नसेल तर तिची नक्कल करू नका. कौतुकापोटी केलेली नक्कलही ऐकणाऱ्याला टोचते. तुम्ही तुमची स्वच्छ मराठी बोला, त्यांना त्यांची बोली बोलू द्या, मधे सुधारू नका. गावांचे उच्चार मात्र पहिल्याच आठवड्यात पक्के करा, आणि ते नकाशावरून करू नका. केंद्राचा शिपाई, तंत्रज्ञ, नाहीतर एसटीचा वाहक यांच्याकडून करून घ्या. पिकांचे शब्द शिका. जून-जुलैत लावलेली केळी म्हणजे मृगबाग आणि ऑक्टोबरच्या सुमारास लावलेली ती कांदेबाग, हे ठाऊक नसलेल्या निवेदकाशी केळीवाला शेतकरी दोन मिनिटंही बोलत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, त्या दिवसांत दुपारी फोन करणाऱ्या बायका वेगळ्या असतात. श्रावणात कानबाई देवी बसते. शेतीपंपाची वीज आळीपाळीने दिवसा आणि रात्री येते; रात्रीची पाळी असली की माणसं कानात वायर घालून पिकाला पाणी भरत असतात. ती वायरच मोबाइलमधल्या एफएमची एरियल असते, म्हणून तिचं एवढं महत्त्व. कार्यक्रमाची वेळ बदलायचा विचार मनात आला, तर आधी हे सगळं विचारात घ्या.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती मुलींनी नीट वाचावी, आणि मुलांनीही. रेडिओचा आवाज ऐकणाऱ्याच्या अगदी कानाशी बोलतो. एकट्या माणसाला तो आपल्याशीच बोलतो आहे असं वाटतं, आणि त्यात त्याची काही चूक नाही. माझ्या एका श्रोत्याने रोजच्या नमस्काराचा वेगळा अर्थ लावून घेतला. आधी रोज फोन, मग केंद्राबाहेर वाट पाहणं, मग माझ्या बसच्या वेळा माहीत असणं. कार्यालयातल्याच कुणीतरी, भाबडेपणाने, माझा खाजगी नंबर त्याला दिला होता. महिनाभर सहकाऱ्याच्या सोबतीशिवाय मी बाहेर पडले नाही. शेवटी गावातल्या वडीलधाऱ्यांनी त्याच्या घरच्यांशी बोलून ते थांबवलं. थांबलं नसतं, तर पोलिसांत जायची माझी तयारी होती, आणि तुमचीही असू द्या. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: फोन स्टुडिओच्या नंबरवर, व्हॉट्सअॅप केंद्राच्या सिमवर, आणि तो मोबाइल रात्री केंद्रातच राहतो. श्रोत्यांना भेटायचं ते श्रोता मेळाव्यात, सहकाऱ्यांबरोबर. माया कमी करायची गरज नाही, पत्ता द्यायची गरज नाही.

लोक विश्वासाने विचारतात, म्हणून उत्तर देण्याचा मोह होतो. कुठल्या अळीवर कोणतं औषध मारायचं, साखर वाढली तर गोळी किती घ्यायची, हे कधीही माइकवरून सांगू नका, तुम्हाला ठाऊक असलं तरी. कृषी विज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञाला बोलवा, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना बोलवा, प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा. उपचारासाठी पैशांचं आवाहन करायची विनंती येते. पडताळणी झाल्याशिवाय आणि संस्थेच्या नावाशिवाय ते प्रसारित करू नका. आणि एखाद्या रात्री कुणी फोनवर जिवाचं बरंवाईट करायची भाषा केली, तर तो फोन प्रसारणावर घेऊ नका. गाणं लावा, फोनवर त्या माणसाशी बोलत राहा, सहकाऱ्याला गावाशी संपर्क साधायला सांगा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते. तो आकडा कन्सोलशेजारी चिकटवून ठेवा. मला त्याची गरज पडली आहे.

पगाराचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. सामुदायिक केंद्रावर बहुधा मानधन मिळतं. आकाशवाणीच्या नैमित्तिक उद्घोषकाला महिन्याला साधारण सहाच ड्युट्या मिळतात, म्हणून त्या भरवशावर घरभाडं ठरवू नका. खाजगी वाहिनीवर करारपत्रातलं सूचनेच्या मुदतीचं कलम आधी वाचा. घशाची काळजी घ्या; आवाज दोन-तीन आठवडे बसलेला राहिला तर काढे पुरे करून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

केंद्र चालवणाऱ्यांना एक विनंती आहे. निवेदक बदलणं हा तुमचा अधिकार आहे, कारणंही खरी असतील. पण प्रत्येक निवेदकाच्या कंत्राटात एक ओळ घाला: जाण्यापूर्वी श्रोत्यांचा निरोप घेण्यासाठी अर्ध्या तासाचा कार्यक्रम, नव्या निवेदकासोबत, नेहमीच्या वेळेला. त्याला वेगळा खर्च नाही, परवाना लागत नाही. पुढच्या वेळी कंत्राटाचा मसुदा काढाल तेव्हा एवढं करा.