कमी खर्चात योग्य माईक: गावातले आवाज टिपणाऱ्यांसाठी एक अभ्यासलेख



गेल्या काही महिन्यांत दोन-तीन मंडळ्यांकडून एकच विचारणा आली. "तुमच्या कार्यकर्त्यांना ध्वनिमुद्रणासाठी माईक घेऊन द्यावा असे आमच्या मनात आहे. कोणता घ्यावा?" याचे उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून या अंकात सविस्तर लिहीत आहे. मी काही तंत्रज्ञ नाही. पण सातपुड्यातल्या पाड्यांवर छोटा रेकॉर्डर पिशवीत घालून काही वर्षे फिरलो, पुष्कळ चुका केल्या आणि त्यात देणगीचे पैसेही वाया घालवले. त्या चुका आपल्या हातून होऊ नयेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आवाज कशासाठी टिपायचा?

२०११ च्या जनगणनेत भिली ही मातृभाषा असलेल्यांची संख्या १ कोटी ४ लाखांच्या घरात आहे. या गटात पावरी, मावची, वारली, कोकणा अशा अनेक बोली धरल्या जातात. एवढे लोक बोलत असूनही भिलीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा नाही आणि या बोलींत छापलेला मजकूर फार थोडा आहे. वडीलधाऱ्यांकडचे पुष्कळसे ज्ञान अजून फक्त तोंडीच आहे. कोणते भरडधान्य कोणत्या उतारावर पेरायचे, कोणती पाने कशावर लावायची, आपले कूळ कोठून आले, हे सारे त्यात येते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर सिकलसेलची तपासणी का करायची, जुलाब झालेल्या बाळाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यायचे, हे आईला तिच्याच बोलीत ऐकवले तर ते लक्षात राहते. दोन्ही कामांना स्वच्छ आवाज लागतो.

याची एक जुनी आठवण आपल्या वाचकांना विशेष वाटेल. जॉर्ज ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांची मोठी पाहणी केली. त्या पाहणीच्या जोडीने १९१३ ते १९२९ या काळात निरनिराळ्या प्रांतांतल्या भाषांच्या ग्रामोफोन तबकड्या करण्यात आल्या. भाषेचा नमुना म्हणून त्या पाहणीत जो मजकूर वापरला, तो होता उधळ्या पुत्राचा दाखला. त्या माणसांचे आवाज आजही ऐकता येतात. त्यातल्या सुरुवातीच्या काळात विजेवर चालणारे माईक वापरात आले नव्हते. बोलणाऱ्याला भोंग्याच्या अगदी तोंडाशी बसून मोठ्याने बोलावे लागे. यंत्र साधे होते, पण आवाज जवळून घेतला जात होता. आजच्या पाठाचे सारही हेच आहे.

माझी चूक

एका पाड्यावर ऐंशीच्या पुढच्या एक आजी होत्या. गाव कसे वसले याची हकिगत त्या पावरीतून फार सुंदर सांगत. पावसाळ्यात त्यांच्याकडे गेलो, रेकॉर्डर खाटेवर ठेवला आणि स्वतः चहा घेत बसलो. आजी तीन-चार फुटांवर बसल्या होत्या. रेकॉर्डरची पातळी 'ऑटो'वर होती, कानाला काही लावले नव्हते. रात्री ऐकून पाहिले तर कौलांवरचा पाऊस, कोंबड्या, शेजारी चाललेले कांडण, आणि त्या सगळ्याच्या मागे कुठेतरी आजी. पीक निघाल्यावर पुन्हा येऊ, असे ठरवले. हिवाळ्यात आजी गेल्या.

घरच्यांनी आवाज मागितला म्हणून मी तो नेऊन दिला. नातवाने मोबाईलवर लावला, थोडा वेळ ऐकला आणि म्हणाला, "आजी लांब बसलीय." तो तक्रार करत नव्हता, ऐकू आले तेच त्याने सांगितले. पण मला ते फार लागले.

त्या भरात मी दुसरी चूक केली. चांगला माईक नव्हता म्हणून असे झाले, असे समजून शहरातल्या एका दुकानातून जवळजवळ सहा हजारांचा माईक आणला. त्याची पिन जाड, गोल आणि आत तीन काड्या असलेली होती. आमच्या रेकॉर्डरचे सॉकेट मोबाईलच्या इयरफोनसारखे बारीक. मी जोडणारी वायरही घेतली, तरी आवाज येईना. त्या माईकला ४८ व्होल्ट लागतात आणि आमचा रेकॉर्डर तेवढे देत नाही, हे मला नंतर कळले. तो माईक कपाटात पडून राहिला. पुढे हजार रुपयांच्या आतल्या एका कॉलर माईकने आमचे काम चालू झाले.

पहिला पाठ: किमतीआधी अंतर

तोंड आणि माईक यांतले अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाजाचा दाब निम्मा होतो. एका वितीवर, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटरवर धरलेला माईक चार फुटांवर नेला तर बोलण्याचा दाब सहाव्या हिश्श्यावर येतो. पाऊस, पंखा, रस्ता यांचा आवाज मात्र होता तेवढाच राहतो. म्हणून लांब ठेवलेला महाग माईक पाऊस स्पष्ट ऐकवतो आणि छातीशी लावलेला स्वस्त माईक माणूस स्पष्ट ऐकवतो. नवीन माईक मागण्याआधी आहे तो रेकॉर्डर एक वीत अंतरावर धरून पाहा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

दुसरा पाठ: सॉकेट आणि वीज तपासा

माईक विकत घेण्याआधी रेकॉर्डर हातात घेऊन पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. सॉकेट कोणते आहे? झूम एच१एनसारख्या छोट्या रेकॉर्डरला ३.५ मिलिमीटरचे बारीक सॉकेट असते. त्याच कंपनीच्या एच४एनसारख्या मोठ्या रेकॉर्डरला जाड, तीन काड्यांची पिनही बसते आणि तो ४८ व्होल्टही देतो. ही वीज 'फँटम पॉवर' या नावाने ओळखतात.

२. माईकला वीज कोठून मिळणार? छोटे रेकॉर्डर बारीक सॉकेटमधून साधारण अडीच व्होल्ट देऊ शकतात. याला 'प्लग-इन पॉवर' म्हणतात आणि ती मेनूमधून चालू करावी लागते. पुष्कळ कॉलर माईकना एवढी पुरते. बोया बीवाय-एम१सारख्या माईकमध्ये बटणासारखा छोटा सेल असतो. असा माईक काम संपल्यावर बंद केला नाही तर सेल उतरतो, म्हणून एक जादा सेल जवळ ठेवावा.

३. पिनेवर काळ्या रेघा किती? मोबाईलसाठी केलेल्या पिनेवर तीन रेघा असतात, तर रेकॉर्डर आणि कॅमेऱ्यासाठीच्या पिनेवर दोन. मोबाईलचा माईक रेकॉर्डरला लावला तर आवाज येत नाही किंवा दबका येतो. काही माईकवर दोन्हींसाठी बदलायचे बटण असते. नसेल तर थोड्या पैशांत मिळणारी जोडपिन लागते.

आजकाल टाईप-सी पिनेचे आणि बिनवायरचे कॉलर माईक फार खपतात. ते मोबाईलसाठी असतात. जुन्या रेकॉर्डरला चालतीलच असे नाही, शिवाय रोज चार्ज करावे लागतात. जिथे वीज दिवसभर जाते तिथे साधी वायर बरी.

तिसरा पाठ: कोणत्या कामाला कोणता माईक

एकट्या माणसाचे बोलणे, मुलाखत, आरोग्याचा निरोप: कॉलर माईक. तो चारही बाजूंनी ऐकतो, म्हणून बोलणाऱ्याने मान फिरवली तरी आवाज जात नाही. छातीवर, हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावावा. गळ्यातल्या माळा आणि पदर त्यावर घासणार नाहीत असे पाहावे. बहिणींना माईक लावायचा असेल तेव्हा सोबत बहीण कार्यकर्ती असावी, किंवा त्यांनी तो स्वतः लावावा.

उपासनेत वापरतो तो हाती धरायचा माईक: हा बहुधा डायनॅमिक असतो. शुअर एसएम५८ हा त्यातला जगप्रसिद्ध नमुना, १९६६ पासून चालू आहे. तो दणकट असतो, त्याला वीज लागत नाही आणि तो समोरचेच जास्त ऐकतो. पण कॉलर माईकच्या मानाने त्यातून फार क्षीण विद्युत्संकेत निघतो. छोट्या रेकॉर्डरला लावला की पातळी खूप वाढवावी लागते आणि आवाजामागे सरसर ऐकू येते. चर्चमधला जुना माईक देणगीत देण्याआधी याचा विचार व्हावा.

सामूहिक गाणी: इथे बहुतेक वेळा काहीच विकत घ्यावे लागत नाही. रेकॉर्डरचे स्वतःचे दोन माईक याच कामासाठी असतात. रेकॉर्डर हातात न धरता छोट्या स्टँडवर, गाणाऱ्यांच्या समोर तोंडांच्या उंचीवर ठेवावा.

ढोल: इथे मात्र जवळ जाण्याचा नियम उलटा होतो. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीत मोठे ढोल वाजतात तेव्हा माईक जवळ नेला तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पुढे दुरुस्त होत नाही. मागे सरकावे आणि पातळी कमी करावी.

खोक्यावरचे आकडे पाहायचे असतील तर एकच पाहा. प्रत्येक माईकची स्वतःची थोडी सरसर असते आणि ती डेसिबलमध्ये दिलेली असते. आकडा जितका लहान तितका माईक शांत. बोलण्यासाठी २० च्या आसपास असला तर चांगला. तिशीच्या जवळ गेला तर हळू बोलणाऱ्या वृद्धांच्या आवाजामागे सरसर जाणवते. काही कंपन्या हा आकडा उलटा सांगतात. त्या 'सिग्नल टू नॉईज ७४' असे लिहितात तेव्हा ९४ मधून ७४ वजा करा, म्हणजे २० मिळतील.

चौथा पाठ: माईकइतक्याच गरजेच्या स्वस्त वस्तू

पहिली वस्तू इयरफोन. वायरचा साधा जोड पुरतो. माईक काय ऐकतो आहे हे त्याच वेळी कानाने कळले पाहिजे. मी त्या दिवशी इयरफोन लावला असता तर पाच मिनिटांत खाट जवळ ओढली असती.

दुसरी, वाऱ्याची टोपी. डोंगरावर वारा माईकवर आदळला की घरघर होते आणि शब्द बुडतात. माईकसोबत येणारा फोम हलक्या वाऱ्याला पुरतो, जोराच्या वाऱ्याला लांब केसांची टोपी लागते. वारा फारच असेल तर घराच्या आडोशाला बसणे सर्वांत स्वस्त.

तिसरी, जादा सेल आणि कार्ड. जपून ठेवायच्या आवाजासाठी एमपी३ न घेता डब्ल्यूएव्ही घ्यावा, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर. दोन्ही बाजूंचा आवाज धरला तर एका तासाला साधारण १ जीबी लागते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात सुमारे ३० तास मावतात. पातळी 'ऑटो'वर ठेवू नये, कारण माणूस थांबला की यंत्र स्वतःच आवाज वाढवून सरसर वर आणते. सर्वांत मोठे बोलणे उणे १२ च्या आसपास पोहोचेल अशी पातळी हाताने लावावी.

दुकानात काय करावे

रेकॉर्डर आणि इयरफोन सोबत न्या. माईक जोडा, छातीला लावा आणि आपल्या नेहमीच्या आवाजात एक मिनिट बोला. मग अर्धा मिनिट गप्प बसा आणि ती शांतता ऐका. माईकची खरी परीक्षा शांततेत होते. पिनेजवळ वायर हलवून पाहा. खरखर आली तर तो नको. नीट चालला तर पावती घ्या आणि बदलून मिळेल का ते विचारा.

खर्चाचा हिशेब असा मांडावा: आधी इयरफोन, मग कॉलर माईक, मग वाऱ्याची टोपी, मग कार्ड. हे चारही मिळून माझ्या त्या कपाटातल्या माईकपेक्षा बरेच कमी पडतात.

शेवटचे, पण पहिले करायचे

माईक लावण्याआधी परवानगी मागावी. आवाज कोठे वापरणार, कोण ऐकणार, हे त्यांच्या बोलीत सांगावे. नको म्हणाले तर रेकॉर्डर पिशवीत ठेवावा आणि गप्पा माराव्यात. काम झाल्यावर इयरफोन त्यांच्याच कानाला लावून थोडे ऐकवावे, आणि एक प्रत घरच्यांना द्यावी. तो आवाज प्रथम त्यांचा आहे.

गेल्या वर्षी आजींच्या धाकट्या बहिणीचा आवाज घेतला. पदराला कॉलर माईक, कानाला इयरफोन, खाट भिंतीच्या आडोशाला. त्यांना ऐकवले तेव्हा त्या हसल्या आणि नातवाला बोलावून म्हणाल्या, "बघ, मी आत बसलेय." थोरल्या बहिणीची हकिगत त्यांना अर्धीच येते. जी येते तेवढी आता नीट टिपलेली आहे.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या मंडळीतल्या कोणत्या वृद्धांच्या आठवणी अजून कोणी टिपलेल्या नाहीत? त्यांच्याकडे कोण जाईल, आणि कधी?

२. आपल्याकडे पडून असलेले इयरफोन, कॉलर माईक, कार्ड चालू आहेत का? कोणाला उपयोगी पडतील?

३. एखाद्या कामासाठी वस्तू देण्याआधी, ती वापरणाऱ्याला आपण काय काय विचारावे?

हे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना आणि त्यांना आपला आवाज विश्वासाने देणाऱ्या घरांना आपल्या प्रार्थनेत आठवावे, ही विनंती.