प्राणीसंग्रहालय पाहायला जाताना

सुट्टी लागली की मुलांचा हट्ट ठरलेला असतो, "आम्हाला वाघ दाखवा." आपल्या अणदूरवरून जाणारा पुणे-हैदराबाद महामार्ग धरला, की उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद करीत सुमारे अडीचशे किलोमीटरवर हैदराबाद येते. तिथले नेहरू प्राणीसंग्रहालय हा चारमिनारइतकाच सहलीचा नेमाचा मुक्काम. रात्री उशिरा गाडी परत येते, मुले पेंगुळलेली असतात. काय पाहिले म्हणून विचारले, तर यादी मिळते : वाघ, सिंह, हत्ती, मगर. यादी खोटी नाही. पण एवढे तर पुस्तकातल्या चित्रातही दिसते. मग एवढ्या लांब जाऊन आपण पाहायचे तरी काय?

पिंजरा कशासाठी?

पूर्वी राजेरजवाडे हौसेखातर वाघ-चित्ते पाळत. पुढे शहरांत बागा झाल्या आणि लोक तिकीट काढून प्राणी पाहू लागले. पुण्याच्या पेशवे पार्कात १९५३ पासून लहान पिंजरे होते. पुढे तिथले प्राणी कात्रजला हलवण्यात आले. १९९९ मध्ये खुल्या झालेल्या या कात्रजच्या उद्यानात गजांऐवजी खंदक आणि मोकळी जागा आली. हैदराबादचे उद्यान ६ ऑक्टोबर १९६३ रोजी सुरू झाले. मीर आलम तलावाकाठी सुमारे ३८० एकरांवर ते पसरले आहे.

बदल केवळ जागेचा नाही, हेतूचाही आहे. देशातल्या प्राणीसंग्रहालयांवर देखरेख ठेवण्यासाठी १९९२ मध्ये केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. १९९८ च्या राष्ट्रीय धोरणाने सांगितले, की प्राणीसंग्रहालयाचे मुख्य काम वन्यजीव वाचवण्यास हातभार लावणे हे आहे. म्हणजे करमणूक दुय्यम. ज्या प्राण्याचे रानात काही खरे नाही, त्याला तात्पुरता आसरा द्यायचा, त्याचा वंश वाढवायचा आणि शक्य होईल तेव्हा त्याला परत रानात धाडायचे.

पिसोरीची गोष्ट

याचे उत्तम उदाहरण हैदराबादलाच आहे. पिसोरी हा हरणासारखा दिसणारा, पण जेमतेम फूटभर उंचीचा आणि तीनेक किलो वजनाचा प्राणी. त्याला शिंगे नसतात. अंगावर पांढरे ठिपके, स्वभाव भित्रा, वावर रात्रीचा. शिकार आणि जंगलतोड यांमुळे अनेक ठिकाणांहून तो नाहीसा झाला. २०१० मध्ये हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी आणि प्राणीसंग्रहालयाने मिळून अवघ्या सहा पिसोरींपासून पैदास सुरू केली. काही वर्षांत संख्या दोनशेच्या पुढे गेली.

पण खरी परीक्षा पुढेच होती. पिंजऱ्यात जन्मलेल्या जनावराला चारा शोधणे, शत्रू ओळखणे कोण शिकवणार? म्हणून २०१७ मध्ये पहिली तुकडी अमराबादच्या जंगलात नेली, तेव्हा तिला एकदम मोकळे सोडले नाही. आधी जंगलातच कुंपण घालून तिथल्या झाडपाल्याची सवय होऊ दिली आणि मगच वाट मोकळी केली. ज्या रानातून पिसोरी संपले होते, तिथे ते पुन्हा चालू लागले.

पिंजऱ्यासमोर उभे राहून लहान मूल विचारते, "हा घरी कधी जाणार?" आपण हसून पुढे सरकतो. खरे तर प्राणीसंग्रहालयाला विचारण्यासारखा हाच सर्वांत मोठा प्रश्न आहे.

घरच उरले नाही तर?

घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. गावाबाहेर मेलेले ढोर टाकले, की आकाशातून गिधाडे उतरत आणि पाहता पाहता हाडे उरत. १९९० नंतर काही वर्षांतच गिधाडांच्या तीन जातींतली शंभरातली पंच्याण्णवहून अधिक मेली. कारण सापडले ते गोठ्यात. जनावरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसात उरते, आणि ते खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. २०२३ मध्ये असिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन यांवरही आली. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडे २०२४ मध्ये आपल्या ताडोबा आणि पेंचच्या रानात आणून सोडली गेली. हैदराबादलाही गिधाडांचे पैदास केंद्र आहे. पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. गोठ्यातले औषध बदलले नाही, तर केंद्राची सारी मेहनत मातीमोल.

दुसरे उदाहरण आणखी जवळचे. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ आपल्या माळासारखाच : कुसळी गवत, बाभळी, मुरूम. तिथला माळढोक वाचवण्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. हा मोठा, जड पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो आणि नाकतोडे, भुंगे खाऊन शेतकऱ्याला मदतच करतो. पण माळ नांगराखाली गेले, विजेच्या तारा आल्या, कुत्री वाढली. आता नान्नजला माळढोक दिसणे दुर्मीळ झाले आहे. देशभरात मिळून दीडशेही उरले नसावेत असा अंदाज आहे. २०१९ पासून राजस्थानात जैसलमेरजवळ रानातली अंडी आणून पिले वाढवली जात आहेत. ती वाढतील. पण उद्या त्यांना सोडायचे ठरले, तर माळ आहे कुठे? आपण माळाला पडीक म्हणतो. ज्याला पडीक म्हटले, त्याची राखण कोण करणार?

नोहाच्या तारवाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. प्राणी तारवात चढले, एवढे मुलांच्या लक्षात राहते. पण कथेचा शेवट ते तारवातून उतरले हा आहे. तारू राहण्यासाठी नव्हते, पूर ओसरेपर्यंतच होते. आणि उतरायला कोरडी जमीन मिळाली, म्हणूनच तारवाचे सार्थक झाले.

सहलीला जाताना एवढे करा

१. सोमवारी हैदराबादचे प्राणीसंग्रहालय बंद असते. शक्यतो सकाळी लवकर पोहोचा. उन्हात प्राणी सावलीला बसून राहतात.

२. सगळे पाहण्याची घाई नको. प्रत्येक मुलाने एकच प्राणी निवडावा आणि त्याच्यासमोर दहा मिनिटे शांत उभे राहावे. तो काय करतो, कान कसे हलवतो, कुठे बसतो, ते घरी येऊन सांगावे.

३. फलक वाचा. हा प्राणी मूळचा कुठला आणि रानात का कमी झाला, हे मुलांना आपल्या भाषेत समजावून सांगा.

४. खडे मारणे, ओरडणे, खाऊ टाकणे टाळा. प्लास्टिकची पिशवी जनावराच्या पोटात गेली, तर जीव जातो.

५. निशाचर प्राण्यांच्या दालनात दिवसा अंधार ठेवलेला असतो. तिथे गप्प राहा आणि डोळ्यांना सवय होऊ द्या.

४ ऑक्टोबर हा संत फ्रान्सिस असिसीकर यांचा सण जगभर प्राणी दिन म्हणूनही पाळला जातो, आणि २ ते ८ ऑक्टोबर हा आपल्याकडे वन्यजीव सप्ताह. त्या दिवसांत लांबची सहल जमली नाही तरी बिघडत नाही. मुलांना घेऊन पहाटे आपल्याच माळावर जा.

घरी मिळून बोलण्यासाठी

१. आजी-आजोबांच्या लहानपणी दिसणारा कोणता पक्षी किंवा प्राणी आता आपल्या शिवारात दिसत नाही? तो का गेला असावा?

२. आपल्या जनावरांना दुखण्यावर कोणते औषध दिले जाते? मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित असलेले औषध आहे. त्याविषयी पशुवैद्यांना विचारले आहे का?

३. आपल्या बांधावरचे, माळावरचे गवत दरवर्षी पेटवून देण्याची खरोखर गरज आहे का? त्या गवतात कुणाचे अंडे असेल?